न पिणाऱ्यांच्या रांगेत

वर्तमानपत्राच्या सातव्या पानाला खिडकी पडली होती. चांगली चौकोनी, कडा अगदी पट्टी लावून ब्लेडनं कापल्यासारख्या सरळ. आणि ती तशीच कापलेली होती, कारण घरात असं कापणारा माणूस एकच. तिनं पान उचलून डोळ्यांसमोर धरलं, तर खिडकीपलीकडे बाबा दिसले: अर्धा चेहरा, चहाचा कप, शर्टाच्या खिशातून डोकावणारी कागदाची कड. सातव्या पानाला भोक पाडलं की आठव्यालाही पडतं आणि आठव्यावर शब्दकोडं असतं, एवढी साधी गोष्ट वीस वर्षं लिफ्टी दुरुस्त करणाऱ्या माणसाला कळू नये! "बाबा, माझं कोडं तुमच्या खिशात गेलं," ती ओरडली. "उभे चार ते उभे नऊ. परत करा." बाबा हसले, पण त्यांचा हात खिशाकडे गेला तो कागद काढायला नव्हे, झाकायला, आणि ते तिला दिसलं. हा हात तिच्या ओळखीचा होता. चौदा महिन्यांपूर्वीपर्यंत हाच हात असाच पिशवीवर जायचा, कपाटाच्या दारावर जायचा, पिठाच्या डब्यामागे जायचा. तिनं आपला तळवा पुढे केला, वर्गात लपवलेली वस्तू बाई मागतात तसा, आणि बोटं दोनदा मिटून उघडली. "घ्या, वकीलसाहेबांना पुरावा पाहिजे," बाबा म्हणाले आणि त्यांनी कागद काढून दिला.

'रोज एक पेला, आयुष्याला चार वर्षांचा बोनस!' खाली पांढऱ्या केसांचं एक जोडपं, दोघांच्या हातात पेले, दोघांचे दात स्वतःचे, मागे समुद्र. सत्तर हजार माणसं, बारा वर्षं, संशोधकांचं म्हणणं असं की बेताची पिणारी माणसं अजिबात न पिणाऱ्यांपेक्षा जास्त जगतात. तिनं वाचलं आणि तिला आनंद झाला. खोटं कशाला बोलायचं, झाला. डोळा लवेल न लवेल एवढाच, पण चांगला गरम, भरलेला आनंद; आणि मग त्या आनंदाचं तोंड बघून ती अशी दचकली की कागद जवळजवळ चहात पडला. आपल्याला आनंद का व्हावा? आपल्याला? जिनं पिठाच्या डब्यामागची बाटली दोनदा मोरीत ओतली होती आणि मग दोन दिवस घरात वास दरवळत राहिला म्हणून स्वतःच घाबरून अगरबत्ती लावली होती, तिला? पण उत्तर तिला ठाऊक होतं, आणि ते ठाऊक आहे हेही ठाऊक होतं. पूर्वीच्या बाबांमध्ये एक अर्ध्या तासाचे बाबा असायचे. कामावरून आले, हातांचं ग्रीस रॉकेलच्या चिंधीनं पुसलं, पहिला पेला झाला की साधारण सात ते साडेसात ते यायचे. काय गंमतीचे होते ते! तिच्या दोन्ही कोपरांखाली हात घालून तिला उचलायचे आणि नाकातल्या नाकात बोलायचे, "पहिला मजला. दुसरा मजला. कृपया दाराला टेकू नका. तिसऱ्या मजल्यावर आईसाहेब राहतात, त्या रागावल्या आहेत, लिफ्ट थेट चौथ्याला." आई सुद्धा हसायची, ओठ दाबून. साडेसातनंतर दुसरेच कोणीतरी यायचे. तेच विनोद, पण त्यांची टोकं निसटलेली. नजर आपल्या डोक्याच्या चार बोटं वर. एकच वाक्य तीनदा. आणि मग तो पोहण्याच्या तलावाबाहेरचा दिवस, ज्याच्याबद्दल घरात कोणी बोलत नाही. ती दहा वर्षांची होती, बाबा न्यायला येणार होते, सगळ्या मुली गेल्या, तलावाच्या राखणदारानं दाराला साखळी घातली, आणि ती ओल्या टॉवेलची गुंडाळी मांडीवर घेऊन पायरीवर दोन तास बसली. थंडी वाजत होती हे तिला आठवत नाही; आठवतं ते एवढंच की टॉवेलचं पाणी झिरपून तिच्या स्कर्टवर गोल डाग पडला आणि येणारीजाणारी माणसं त्या डागाकडे बघून भलताच समज करून घेतील या भीतीनं ती उठलीच नाही. ती बोलायची कमी झाली ती तेव्हापासून. वर्गात हात वर करायची तो फक्त डोकं खाजवायला. मग बाबांचे डोळे पिवळे झाले, अठरा दिवस दवाखाना झाला, डॉक्टरांनी सांगितलं, एक थेंबही नाही. आणि बाबांनी, कोणालाही खरं वाटलं नसतं असं, खरोखर एक थेंबही घेतला नाही. नवे बाबा शहाणे होते, कप विसळायचे, रविवारी बरण्यांत स्क्रू लावायचे, बारीक एका बरणीत, मध्यम दुसरीत. वेळेवर यायचे. फक्त मजले सांगायचे नाहीत. तिला ते अर्ध्या तासाचे बाबा हवे होते, आणि हे कोणाला सांगायची सोय नव्हती.

"मामाचा फोन आला होता सकाळी," आई स्वयंपाकघरातून म्हणाली, कोणाकडेच न बघता. आई शहराच्या ग्रंथालयात देवघेवीच्या खिडकीवर होती आणि घरातसुद्धा खिडकीतून बोलल्यासारखं बोलायची, थोडक्यात, पुढच्या माणसाला जागा ठेवून. "त्यानंही वाचलं म्हणे. संध्याकाळी येतोय. घेऊन येतोय."

"काय घेऊन?" तिनं विचारलं, ठाऊक असूनसुद्धा.

"एकच," बाबा म्हणाले. "मोजून. औषधाच्या टोपणानं मोजून घेईन हवं तर. आणि आज तपासणी आहेच, डॉक्टरांच्या कानावर घालतो."

"डॉक्टरांनी एक थेंब नाही म्हटलंय."

"ते चौदा महिन्यांपूर्वी. तेव्हा ही बातमी कुठे होती?"

याला काय म्हणावं! तिनं आईकडे बघितलं, आईनं डबा भरण्याकडे बघितलं, आणि त्या वळलेल्या पाठीत तिला एकदम दिसलं की आईलाही क्षणभर आनंद झाला होता. म्हणजे घरातल्या तिघांनाही बातमी हवी होती. मामा धरून चौघांना. जी बातमी चार माणसं अशी आ वासून गिळायला बसलेली असतात ती खरी असायला काही हरकत नाही, पण ती तपासायची कोणी? शेजाऱ्यांनी? "मी येते दवाखान्यात," ती म्हणाली. "शाळा?" आई म्हणाली. "शनिवारी दुपारी असते का शाळा?" ती म्हणाली, आणि वेणी अर्धी राहिलेली तशीच पाठीवर टाकून चपला शोधायला गेली.

दवाखाना दहा मिनिटांच्या चालीवर होता. बाबा चालताना वर बघत चालतात. सगळे लोक दुकानं बघतात, बाबा इमारतींच्या गच्च्या बघतात, कारण गच्चीवर लिफ्टची मशीनखोली असते. "ही माझी. ती पण माझी. त्या पलीकडच्या पिवळीचा ब्रेक चिकटतो." ती त्यांच्या शेजारून चालत होती आणि डोक्यात काहीतरी खुपत होतं. बातमीत काहीतरी चूक आहे हे तिला ठाऊक होतं, पण कुठे, ते बोट ठेवून सांगता येत नव्हतं. बुटात खडा आहे हे कळावं आणि बूट काढल्यावर तो सापडू नये तसं. बेताची पिणारे जास्त जगतात. न पिणारे कमी. मधले सगळ्यात बरे. मधले सगळ्यात बरे... आणि भर रस्त्यात, पेट्रोलच्या आणि गरम डांबराच्या वासात, तिच्या नाकात खळीचा वास आला. कीड लागू नये म्हणून मोरचूद घातलेल्या, शिजवलेल्या खळीचा, किंचित आंबूस. हसूच फुटलं तिला. अरे देवा, हे तर मीच केलंय! हीच बातमी मी लिहिली होती, हिरव्या शाईनं!

उन्हाळ्याच्या सुट्टीतली गोष्ट. आई तिला ग्रंथालयात घेऊन जायची, घरी बसून भिंती बघण्यापेक्षा बरं म्हणून, आणि ती तळघरातल्या बांधणीच्या खोलीत बसायची. तिथे एक बाई फाटकी पुस्तकं शिवायच्या. सगळं ग्रंथालय त्यांना खळमावशी म्हणायचं, त्यांच्या तोंडावर सुद्धा, आणि त्या रागवायच्या नाहीत, कारण रागवायला त्यांना वेळ नसायचा. मांडीवर पुस्तक उपडं, दातांत दोरा, कपाळावर चष्मा. त्या सुट्टीत ग्रंथालयाच्या मोठ्या साहेबांना प्रश्न पडला होता की पुस्तकं बाहेर दिल्यानं खराब होतात का, आणि होत असतील तर चांगली पुस्तकं कुलपात घालावीत का. "ही पोरगी मोजेल," खळमावशी म्हणाल्या. आणि पोरगीनं मोजलं! आयुष्यात पहिल्यांदा तिला कोणीतरी एक प्रश्न दिला होता ज्याचं उत्तर पुस्तकाच्या मागच्या पानावर छापलेलं नव्हतं. तीनशे पुस्तकं. शंभर अशी की जी रजिस्टरप्रमाणे वर्षभरात एकदाही बाहेर गेली नाहीत, शंभर अधूनमधून गेलेली, शंभर सतत जाणारी. एकेक उघडून बघायचं: पुट्ठा, शिवण, पानं. ती घोड्यावर चढायची, म्हणजे त्या चाकांच्या शिडीला तिथे घोडा म्हणत, आणि वरच्या फळीवरची धूळ खात आकडे लिहायची. सतत जाणाऱ्यांत चाळीस खराब. बरोबर, वाटलंच होतं. अधूनमधूनवाल्यांत फक्त बारा. आणि कधीच न जाणाऱ्यांत, कपाटात सुखानं बसून राहिलेल्यांत, अठ्ठावन्न! तिचा विश्वासच बसेना. पुन्हा मोजलं, पुन्हा अठ्ठावन्न. मग मात्र तिला पंख फुटले. तिनं मोठ्या कागदावर तीन खांब काढले, रंगवले, आणि खाली हिरव्या शाईनं लिहिलं: 'पुस्तक बेताचं वाचलं की जास्त टिकतं. अजिबात न वाचलं तर लवकर मरतं.' काय सुंदर वाक्य होतं! साहेब तर खूशच झाले. हे फ्रेम करून दारात लावू म्हणाले. ग्रंथालयवाल्याला आणखी काय हवं असतं?

खळमावशींनी कागद वाचला, चष्मा कपाळावरून नाकावर आणून पुन्हा वाचला, आणि त्या अशा हसत सुटल्या की तोंडातला दोरा बाहेर पडला. "अगं ए शहाणे, चल इकडे." तिला हाताला धरून शंभर न गेलेल्या पुस्तकांपाशी नेलं. एक उचललं, मागचं पान उघडलं. तिथे परतीच्या तारखांची चिठ्ठी चिकटवलेली, आणि चिठ्ठीवर शिक्केच शिक्के, जागा उरली नाही म्हणून वर दुसरी चिठ्ठी जोडलेली. आणि मग एका तारखेला शिक्के थांबलेले. "हे दीड वर्षापासून बाहेर गेलं नाही. का गेलं नाही?" तिनं मान हलवली. "कारण मीच सांगितलं, आता देऊ नका हे, पाठ निघालीय त्याची. हे पण. हे पण. ही माझी पेशंट आहेत, बाई! लोकांनी वाचून वाचून पार खिळखिळी केली, मग मी त्यांचं बाहेर जाणं बंद केलं, आणि तू त्यांना घातलंस बिचाऱ्या न वाचलेल्यांत." शंभरांतली एकसष्ट तशी निघाली. उरली एकोणचाळीस, खरोखर कधीच कोणी हात न लावलेली, चिठ्ठी कोरी, पानं करकरीत. त्यांत खराब एकच, तेही उंदरानं कुरतडलेलं. म्हणजे बसून राहिल्यानं काही कोणी मेलं नव्हतं. मरायला टेकलेल्यांना बसवून ठेवलं होतं. तिला वाटलं जमीन दुभंगावी, साहेबांना काय सांगू, फ्रेमवाल्याला काय सांगू, कान तापून लाल. पण खळमावशींनी खळीचा हात तिच्या गालाला लावला, सगळा गाल चिकट झाला, आणि म्हणाल्या, "चुकलीस छान. पण मोजलंस म्हणून चुकलीस. न मोजणारे चुकतात ते त्यांना कधी कळत पण नाही." ती वर गेली, साहेबांच्या टेबलापुढे उभी राहिली, आणि जी मुलगी वर्गात स्वतःची हजेरीसुद्धा कुजबुजत द्यायची ती खणखणीत म्हणाली, "सर, माझं उत्तर चुकलंय, आणि कसं चुकलंय ते मी दाखवते." त्या दिवसापासून तिचा आवाज परत आला. आता तर असा परत आला होता की आई म्हणायची, जरा बटण कुठेय ते बघ.

दवाखान्यात गर्दी होती. भिंतीला टेकून प्लास्टिकच्या खुर्च्या, छताजवळ आवाज बंद केलेला टीव्ही, औषधाचा आणि ओल्या फरशीचा वास. बाबांनी कागद पुन्हा काढून गुडघ्यावर सरळ केला होता. ते तो वाचत नव्हते, नुसते अंगठ्यानं घडी दाबत होते. त्या अंगठ्याकडे बघताना तिच्या मनात आलं, सांगू नये. हा माणूस चौदा महिने कप विसळतोय. याला एक सुट्टी मिळतेय, रीतसर, छापील, सत्तर हजार माणसांच्या सहीची. आणि आपण ती फाडायला निघालो. सातचा अर्धा तास परत येईल, मजले परत येतील. पण मग साडेसात वाजणारच नाहीत कशावरून? तिनं डोळे मिटले तर तिला मजले ऐकू आले नाहीत, स्कर्टवरचा गोल डाग दिसला, हळूहळू मोठा होणारा. तिनं डोळे उघडले.

"बाबा, या न पिणाऱ्यांत कोण कोण धरलेत?"

"जे पीत नाहीत ते."

"तुम्ही पिता का?"

बाबांनी तिच्याकडे बघितलं. "नाही."

"मग तुम्ही कुठल्या रांगेत?"

"वकीलसाहेब, सरळ बोला," बाबा म्हणाले. "हे बघ, तू लहान आहेस, तुला मशीन माहीत नाही. रोज थोडी थोडी चालणारी लिफ्ट उत्तम राहते. बंद पडून राहिलेल्या लिफ्टीची काय अवस्था होते ते मी बघतो रोज. दोर गंजतो, रिले चिकटतात. वापर पाहिजे. यंत्राला पाहिजे, माणसाला पाहिजे. यांनी लिहिलंय ते मला माझ्या कामावरून पटतं."

मग तिनं पुस्तकांचं सांगितलं. हिरव्या शाईसकट, उंदरासकट, गालावरच्या खळीसकट. समोरच्या खुर्चीवरच्या आजीबाई स्वतःचा खोकला आवरून ऐकायला लागल्या. बाबांनी आधी चेहऱ्यावर बापाचं हसू ठेवलं होतं. पण ती चिठ्ठीपाशी आली, शिक्के थांबले त्या तारखेपाशी, आणि ते हसू हळूच खाली आलं. वरच्या मजल्यावरून काहीतरी खाली यावं तसं, मधे न थांबता.

"थांब," ते म्हणाले. कामावर दोष सापडताना त्यांच्या कपाळावर येतात तशा दोन उभ्या रेघा आल्या. "म्हणजे एखाद्यानं शंभर बंद लिफ्टी बघितल्या. त्यांतल्या साठ मी दुरुस्तीची पाटी लावून बंद केलेल्या. आधीच मोडलेल्या. आणि चाळीस कोऱ्या, इमारतीत अजून कोणी राहायला आलं नाही म्हणून बंद."

"हो!"

"आणि त्यानं लिहिलं, बंद ठेवल्यानं लिफ्ट मोडते."

"हो, हो, हो! आणि शिवाय हा फोटो बघा. यांच्यामागे समुद्र आहे. ते पेल्यानं जगतायत की समुद्रासमोरच्या घरानं, ते कोणी बघितलं?"

समोरच्या आजीबाई म्हणाल्या, "मुलगी बरोबर बोलतेय हो," आणि मग त्यांना राखून ठेवलेला सगळा खोकला एकदम आला.

"आता त्यांनी कदाचित वेगळे काढलेही असतील," ती म्हणाली, कारण खळमावशींसमोर बसल्यावर जे सगळं सांगावं लागायचं ते सगळं सांगायची तिला आता सवय लागली होती. "मूळ संशोधन मी वाचलेलं नाही. पण बातमीत तसं एका शब्दानं नाही. कोणी कधीच घेतली नाही आणि कोणी डॉक्टरांनी बंद केली म्हणून सोडली, हे मला जोवर सांगत नाहीत तोवर मी का मानू? आणि समजा मानलं. तरी ही बातमी त्यांच्याबद्दल आहे, बाबा. तुमच्याबद्दल नाही. तुम्ही यात आहात ते वेगळ्याच जागी." तिनं त्यांच्या गुडघ्यावरच्या कागदावर बोट ठेवलं. "तुम्ही न पिणाऱ्यांच्या रांगेत आहात. तुम्हाला उद्या काही झालं ना, तर तुम्हाला त्यांच्यात मोजतील. आणि लिहितील, बघा, न पिणारे कसे लवकर जातात. मग आणखी कोणाचे तरी बाबा ते कापून खिशात ठेवतील."

बाबांनी कागदाची घडी केली, उघडली, पुन्हा केली. टीव्हीवर कोणीतरी आवाजाशिवाय हसत होतं. तिला वाटलं, जास्त झालं. शेवटचं वाक्य गिळायला हवं होतं, बाबांचं मरण असं भर दवाखान्यात, आजीबाईंच्या देखत, उदाहरणासारखं काढायला नको होतं. आणि तरी तिला आतून ठाऊक होतं की वाक्य बरोबर आहे, चिठ्ठीवरच्या शिक्क्याइतकं बरोबर, आणि ती ते मागे घेणार नाही. पूर्वी असं गप्प झालेले बाबा तिला घाबरवायचे. आज तिनं त्यांच्या गप्प बसण्यात आपली खुर्ची सरकवली आणि शेजारी बसून राहिली.

"काका, तुमचा नंबर पुढचा. हे भरून द्या तोवर," काउंटरवरच्या ताईनं एक फॉर्म आणि दोरी बांधलेलं पेन पुढे सरकवलं. बाबा उठून गेले. ती मागोमाग. वय, वजन, झोप, भूक. बाबा भरभर लिहीत होते. मग एक ओळ आली: मद्यपान करता का? हो. नाही. दोन लहान चौकोन. दर सहा महिन्यांनी हाच फॉर्म येत असणार आणि बाबांनी याआधी दोनदा अभिमानानं, खाडकन, 'नाही'वर खूण केली असणार. आज पेन 'नाही'च्या वर येऊन थांबलं, आणि तसंच थांबून राहिलं, दोन मजल्यांच्या मधे.

"काय झालं काका? कळत नाही का?" ताईनं विचारलं.

"कळतंय. जागा नाही."

"कसली जागा? हो किंवा नाही. घेता का?"

"नाही."

"मग नाहीवर करा ना खूण."

"त्या चौकोनात जन्मात कधी न घेतलेली माणसं पण आहेत ना, ताई," बाबा म्हणाले, अगदी समजावून, नवीन हाताखाली आलेल्या मेकॅनिकला सांगावं तसं. "त्यांच्यात मला घातलं तर त्यांचा हिशेब बिघडतो. आणि माझा पण." आणि त्यांनी 'नाही'च्या शेजारी, पेनाची दोरी ताणून धरून, स्वतःचा एक तिसरा चौकोन काढला, त्यात खूण केली, पुढे लिहिलं: सोडली. चौदा महिने.

ताईनं फॉर्म फिरवून बघितला. "कॉम्प्युटरमध्ये असं नाही घालता येत हो काका."

"मग कॉम्प्युटरवाल्याला सांगा. मला सहा माणसांची लिफ्ट नऊ माणसांची करून द्या म्हणतात लोक, ती नाही होत. चौकोन वाढवायला काय लागतं?"

ती हसली. मोठ्यानं, सगळ्या खुर्च्यांनी वळून बघावं अशी, आणि तिला त्याची यत्किंचितही लाज वाटली नाही. बाबा पण हसत होते, पण त्यांचा हात पेन सोडून पुन्हा शर्टाच्या खिशाकडे गेला. ते तिनं पाहिलं. पुरावा झाला, युक्तिवाद झाला, खटला जिंकला. आणि बाबांच्या हाताला मात्र संध्याकाळ व्हायचीच होती. बातमी खोटी पडली म्हणून तहान थोडीच खोटी पडणार होती? एवढं सगळं मोजलं आणि हेच मोजायचं राहिलं होतं. चौदा महिने बाबा 'मला काही वाटत नाही' म्हणत आले होते, आई 'त्यांना काही वाटत नाही' म्हणत आली होती, आणि तिनं ते दोन्ही आकडे न तपासता लिहून घेतले होते.

आतून नाव पुकारलं गेलं. ती उठायला लागली. "तुम्ही बसा, वकीलसाहेब," बाबा म्हणाले. "आता मी बोलतो."

"मी आत येते ना. डॉक्टरांना पुस्तकांचं सांगते."

"नको. पुस्तकांचं मला कळलं." त्यांनी तिची अर्धी राहिलेली वेणी पाठीवरून पुढे घेतली, तिचे उरलेले पेड घातले, टोकाला ताईच्या काउंटरवरचा एक रबर लावला, ताईला न विचारता. स्क्रू बसवावा तसा. मग ते डॉक्टरांच्या खोलीकडे गेले, आत शिरले, आणि दार त्यांच्या मागे आपोआप मिटायला लागलं, त्या वरच्या स्प्रिंगनं, सावकाश.

"या. काय म्हणते तब्येत?" डॉक्टर.

"तब्येत ठीक. चौदा महिने झाले," बाबांचा आवाज आला, वर्गात पहिल्यांदा उभं राहिलेल्या मुलासारखा, आधी अडकलेला आणि मग स्पष्ट. "पण डॉक्टर, मी एक कोणालाच सांगितलेलं नाही. मला ती रोज हवीशी वाटते. रोज. सात वाजले की. त्याला काय करायचं ते सांगा."

दार मिटलं. समोरच्या आजीबाईंनी तिला डोळ्यानं खुणावलं, जा की, कान लाव. ती गेली नाही. पाठ खुर्चीला ताठ लावून बसली, दोन्ही हात मांडीवर, आणि आत जितका वेळ लागेल तितका लागू दे, असं मनाशी म्हणाली.